शिपाई, रयत आणि असीफ

युद्धाचा विषय निघाला की आपल्या बोलण्यात दोन शब्द हटकून येतात, शहीद आणि मजलूम. शिपाई मारला गेला तर तो शहीद. अर्थात तो आपला असेल तर. बायामुले मारली गेली तर ती मजलूम. तीही आपली असतील तर. समोरच्या बाजूचा शिपाई जालिम ठरतो, आणि समोरच्या बाजूच्या बायामुलांसाठी आपल्याजवळ शब्दच उरत नाही. जुम्याच्या दुव्यात, मोर्च्याच्या फलकावर, मुशायऱ्यात हे दोन शब्द आपण इतके वापरतो, की त्यांच्याआड कुणी माणूस होता, त्याला भूक लागत होती, घरी मनीऑर्डर पाठवायची होती, याचे भान राहत नाही. ही रीत साऱ्या जगाचीच आहे. पण शेजाऱ्याच्या अंगणातला केर दाखवण्याआधी आपले अंगण झाडावे, म्हणून आपण आपल्यापासूनच सुरुवात करू.

लढणारा आणि न लढणारा यांच्यात फरक करावा, हा युद्धनीतीचा पाया आहे आणि तो आपल्याला परका नाही. शामकडे निघालेल्या फौजेला निरोप देताना हजरत अबूबकर (रजि.) यांनी सेनापतीला ज्या सूचना दिल्या, त्या आपल्यातल्या बहुतेकांनी मदरशात नाही तर वाजमध्ये ऐकलेल्या असतात. स्त्रियांना, मुलांना, वृद्धांना मारू नका. फळझाडे तोडू नका. खाण्यापुरते सोडून जनावरे कापू नका. मठात बसलेल्या साधूंना त्यांच्या जागी राहू द्या. इसवी सनाच्या सातव्या शतकातली ही गोष्ट आहे. युरोपात आंरी द्युनांने सोल्फेरिनोच्या रणांगणावरचे जखमी पाहिले ते १८५९ मध्ये, आणि पहिला जिनिव्हा करार झाला १८६४ मध्ये. या तारखा सांगून आपण टाळ्या मिळवतो. अडचण पुढे आहे. शिपाई आणि रयत यांच्यातली ही रेघ हातातल्या हत्याराने पडते, की माणूसपणाने? ज्याला मारणे कायद्याने मना आहे तो माणूस, हे कबूल. पण ज्याला मारण्याची परवानगी आहे, तो मग कोण?

प्रश्न हवेत राहू नये म्हणून एका जागी जाऊन पाहू. ती जागा इराकात आहे, पण तिथे उपाशी राहिलेल्यांत आपल्याकडचे लोक होते.

१९१५ च्या अखेरीस इंग्रजांची सहावी डिव्हिजन दजला नदीच्या काठाने बगदादकडे निघाली होती. या डिव्हिजनचे नावच 'पूना डिव्हिजन'. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. या पलटणींत कोकणातले आणि देशावरचे मराठे होते, तसेच सरकारी दफ्तरात 'दख्खनी मुसलमान' म्हणून नोंदलेले आपले लोकही होते. नोव्हेंबर महिन्यात बगदादच्या अलीकडे मोठी लढाई झाली. तिथे ताक-ए-किसरा ही इराणी बादशहांची प्रचंड कमान उभी आहे आणि जवळच हजरत सलमान फारसी (रजि.) यांची मजार. गावाचे नाव सलमान पाक. इंग्रजांनी मात्र त्या लढाईला टेसिफॉन हे जुने ग्रीक नाव चालवले. आपण कुणाच्या मजारीपाशी गोळी झाडतो आहोत हे मुसलमान शिपायाच्या मनात येऊ नये, ही त्यामागची धास्ती होती. जणू शिपायाला डोळे नव्हते!

त्या लढाईत साडेचार हजारांच्या आसपास माणसे मेली आणि जखमी झाली. उरलेली फौज मागे फिरली आणि दजलेच्या वळणात वसलेल्या कूत-अल-अमारा या गावात शिरली. मागोमाग तुर्क आले. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला आणि तो २९ एप्रिल १९१६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच महिने राहिला. आत कोण कोण अडकले होते? सुमारे दहा हजार लढणारे. सुमारे साडेतीन हजार नोकरचाकर, म्हणजे भिस्ती, बावर्ची, डोलीवाले, खेचरे हाकणारे, झाडूवाले. आणि कूतचे सुमारे सहा हजार रहिवासी. जनरल टाऊनशेंडच्या मनात रहिवाशांना बाहेर काढायचे होते. पण ऐन थंडीत बायामुलांना वाळवंटात ढकलणे म्हणजे मरायला पाठवणे, म्हणून त्याने त्यांना राहू दिले. त्या निर्णयात दया होती, हे मान्य करावे लागेल. त्याच वेढ्यात लुटीच्या आरोपावरून काही अरबांना गोळ्या घालण्यात आल्या, हेही त्याच माणसाच्या खाती आहे. माणसे अशीच असतात, एका कप्प्यात मावत नाहीत.

आता त्या साडेतीन हजार नोकरांपाशी जरा थांबू. इतिहासाच्या पुस्तकांत ते एका ओळीत संपतात.

एक हदीस आहे. एका लढाईनंतर लोक गोळा झालेले दिसले. मध्ये एका स्त्रीचे प्रेत पडले होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते पाहिले आणि ही तर लढणारी नव्हती, असे म्हणून आघाडीवरच्या हजरत खालिद (रजि.) यांना निरोप धाडला, की स्त्रीला मारू नका आणि असीफला मारू नका. असीफ म्हणजे मजुरीवर ठेवलेला चाकर. स्त्रिया आणि मुले यांच्यावरची मनाई आपल्या तोंडी आहे. या असीफची आठवण आपण फारशी काढत नाही. वास्तविक त्याच्यावरच सगळा विचार अडतो. कारण तो रयतेसारखा घरी बसलेला नाही. तो फौजेबरोबर आलेला आहे, फौजेचे पाणी भरतो, फौजेची भाकरी भाजतो, त्याच्यावाचून फौज एक दिवस चालणार नाही. तरीही त्याला वेगळे काढले गेले, कारण तो पोटासाठी आला आहे. भांडण त्याचे नाही.

कूतमधला भिस्ती असा असीफ होता, यात शंका नाही. पखाल घेऊन दजलेवर जायचे आणि पलीकडच्या काठावरच्या तुर्की नेमबाजाच्या गोळीतून वाचून परत यायचे, हे त्याचे काम. त्याच नदीवर कूतच्या अरब बायका घागरी घेऊन येत होत्या आणि त्यांच्यावरही तीच गोळी येत होती. गोळीला भिस्ती आणि बाई यांत फरक दिसत नव्हता. फक्त भिस्त्याला पगार होता.

मग शिपायाचे काय? हिंदी शिपायाचा त्या काळचा पगार महिना अकरा रुपये. पावसाच्या भरवशावरची शेती, सावकाराचा हिशेब, लहान बहिणीचे लग्न राहिलेले. भरतीची पार्टी गावात येई तेव्हा शिपाई काय विचार करून रांगेत उभा राहत असेल, हे समजायला दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला इतिहासाची पदवी लागत नाही. कैसर कोण, सुलतान कोण, बगदाद हवे कुणाला, हे त्याला कुणी विचारले नव्हते. भांडण त्याचेही नव्हते. अकरा रुपयांवर राबणारा तोही असीफच म्हणायचा का?

फिकहचे जाणकार म्हणतील, नाही. त्याच्या हाती बंदूक आहे, तो मारतो, त्याला असीफ म्हटले तर ती हदीसच निरर्थक होईल. हे म्हणणे बरोबर आहे आणि आपण ते सोडू नये. सगळेच गरीब, सगळेच लाचार, म्हणून कुणीच जबाबदार नाही, असे म्हटले की मेलेल्याला न्याय मागायला दार उरत नाही. आणि निवड अगदीच नव्हती असेही नाही. फेब्रुवारी १९१६ मध्ये, कूतचा वेढा चालू असतानाच, बसऱ्यात पंधराव्या लान्सर्सच्या मुसलमान स्वारांनी बगदादच्या दिशेने लढायला जाण्यास नकार दिला. चारशेहून अधिक जणांना शिक्षा झाली, काळे पाणी झाले. त्याआधी वर्षभर, फेब्रुवारी १९१५ मध्ये, सिंगापुरात पाचव्या लाइट इन्फन्ट्रीतले मुसलमान शिपाई उठले. त्या उठावात चाळिसाच्या वर माणसे मेली आणि त्यांत वाटेत सापडलेले नागरिकही होते. नंतर शिपायांना भिंतीपुढे उभे करून जाहीरपणे गोळ्या घातल्या. तेव्हा नकाराची वाट होती. तिची किंमत काय हेही प्रत्येकाला दिसत होते.

यावर आपल्याकडे लगेच निवाडा मागितला जातो. लान्सर्सचे स्वार गाजी आणि पलटणीतले दख्खनी गद्दार? की उलट, पलटणीतले इमानदार आणि स्वार बंडखोर? १४ नोव्हेंबर १९१४ ला इस्तंबूलमध्ये जिहादची घोषणा झाली होती. इकडे आपल्या मराठवाड्यावर राज्य करणाऱ्या निजामाने मुसलमानांना इंग्रजांशी एकनिष्ठ राहायला सांगितले होते. खलिफा एकीकडे, निजाम दुसरीकडे आणि मध्ये अकरा रुपये. एवढ्या गुंत्यात उभ्या असलेल्या माणसाबद्दल आरामखुर्चीत बसून एका शब्दाचा निकाल द्यायचा, हे आम्हांला पटत नाही. त्याने झाडलेल्या गोळीचा हिशेब त्याच्याकडे मागता येईल. पण तो मागतानासुद्धा तो माणूस आहे, हे गृहीत धरावेच लागते. लांडग्याकडे कुणी हिशेब मागत नाही.

वेढ्यातल्या भुकेची गोष्ट सांगायला हवी. धान्य संपत आले तेव्हा घोडी आणि खेचरे कापायला सुरुवात झाली. गोऱ्यांनी खाल्ली. हिंदी शिपायांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनी, कित्येक आठवडे हात लावला नाही. शेवटी हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी बिनतारी संदेशाने मागवावी लागली. (कोकणातल्या आमच्या शाफई वाचकांना यात नवल वाटेल, त्यांच्या मजहबात घोडा हलाल आहे. इमाम अबू हनीफांनी तो मकरूह मानला, आणि देशावरचा शिपाई हनफी.) परवानगी आल्यावरही अनेकांनी खाल्ले नाही. गावी कळले तर काय म्हणतील, ही भीती हजारो मैलांवर, मरणाच्या दारातही सुटली नव्हती. एप्रिलपर्यंत शिधा मूठभर पिठावर आला होता. विमानांतून धान्याची पोती टाकण्याचा प्रयत्न झाला, त्यांतली काही नदीत पडली. वेढा फोडायला दक्षिणेकडून निघालेल्या फौजेची वीस हजारांहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली, आणि तरी ती पोचली नाही.

कूतच्या लोकांनी या काळात काय खाल्ले? त्यांच्या कोठारांतले धान्य फौजेने आपल्या ताब्यात घेतले होते. घरांच्या भिंती फोडून शिपायांना आतून आत जाण्याच्या वाटा काढल्या होत्या, दारेखिडक्यांचे लाकूड सरपणाला गेले होते. बाजाराच्या छताखाली इस्पितळ थाटले होते. भिंतीच्या अलीकडे आपला उपाशी शिपाई, पलीकडे उपाशी अरब कुटुंब. एक मुसलमान दुसऱ्या मुसलमानाच्या घरात घुसून बसला होता, आणि बाहेरून तिसरा मुसलमान दोघांवर तोफ डागत होता. हा तिसरा तरी कोण? अनातोलियाच्या खेड्यातून किंवा मोसलच्या बाजूने धरून आणलेला शेतकरी. शाम आणि लेबनॉनमध्ये 'सफरबरलिक' असा एक शब्द आहे. मूळ अर्थ लष्करी भरतीचा हुकूम. पण १९१५ ते १९१८ मध्ये तिथे जो भीषण दुष्काळ पडला, घरातले पुरुष नाहीसे झाले, माणसे रस्त्यावर मेली, त्या सगळ्याला लोक त्याच शब्दाने ओळखू लागले. शिपायाची भरती आणि रयतेची उपासमार यांना त्या लोकांनी एकच नाव दिले. कायद्याने केलेला फरक आवश्यकच आहे. पण भुकेने हा फरक कधी पाळला नाही, हे त्या शब्दातून कळते.

२९ एप्रिलला कूत पडले. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. फौज ज्यांच्या घरांत राहिली होती, त्या कूतकरांपैकी काहींना तुर्कांनी शत्रूला साथ दिली म्हणून फासावर दिले. कैद्यांना उन्हातान्हातून बगदाद, मोसल आणि पुढे रास-अल-ऐनपर्यंत चालवत नेले. साध्या गोऱ्या शिपायांपैकी निम्म्याहून अधिक परत आले नाहीत. हिंदी मेले त्यांची संख्या दोन हजारांच्या वर जाते. जनरल टाऊनशेंड मात्र युद्ध संपेपर्यंत इस्तंबूलजवळच्या एका बेटावर आरामात राहिला.

त्या चालण्यातून वाचलेल्या एकाने लिहून ठेवले. शिशिर सर्वाधिकारी हा बंगाल अॅम्ब्युलन्स कोरमधला स्वयंसेवक. लढाईसाठी नव्हे, जखमींसाठी गेलेला. त्याने डायरीची पाने फाडून बुटात लपवली, पुढे पुन्हा लिहून काढली, आणि १९५८ मध्ये 'अभि ले बगदाद' या नावाने बंगालीत पुस्तक आले. अशी माणसे वाटेत आर्मेनियन लोकांची उजाड गावे पाहत गेली. रास-अल-ऐन ही जागा तेव्हा केवळ युद्धकैद्यांची नव्हती. घरादारातून हाकलून लावलेल्या आर्मेनियन बायामुलांच्या छावण्या तिथे होत्या आणि १९१६ मध्ये तिथे त्यांची कत्तल झाली. हलबच्या इस्पितळात सर्वाधिकारी काम करू लागला, तेव्हा तिथे वाचलेले आर्मेनियनही काम करत होते आणि तुर्कही.

हे पान आपल्याला उलटून टाकावेसे वाटते. ज्या खिलाफतीसाठी १९१९ नंतर आपल्या आजोबा-पणजोबांनी चंदा दिला, तिच्याच राज्यात हे घडले. पण मजलूम हा शब्द आपण फक्त आपल्यासाठी राखून ठेवला असेल तर तो शब्द खोटा आहे. एका यहुदी माणसाची मय्यत जात असताना प्रेषित (स.) उठून उभे राहिले. लोकांनी सांगितले, हा तर यहुदी. त्यांनी उलट विचारले की तो एक जीव नव्हता का? ही हदीस बुखारीत आहे. आणि त्याच तुर्की राज्यात हलबचा वाली जलाल बे हाही होता. आर्मेनियनांना हाकलण्याचा हुकूम त्याने मानला नाही. त्याला तिथून हलवले. कोन्याला गेला, तिथेही त्याने तेच केले आणि पदावरून गेला. त्याचे नाव आपल्या मुलांना माहीत असावे, असे आम्हांला वाटते. सलाहुद्दीन अय्युबीच्या गोष्टी त्यांना पाठ आहेतच.

मेलेल्यांची आठवण पुढे कशी ठेवली गेली, तेही पाहण्यासारखे आहे. बसऱ्याला इंग्रजांनी स्मारक बांधले. मेसोपोटेमियात मेलेले आणि ज्यांची कबर सापडली नाही असे चाळीस हजारांवर लोक त्यात आले. गोऱ्यांची नावे कोरली. हिंदी फौजेतल्या अधिकाऱ्यांची नावे कोरली. शिपायांचे मात्र, अमुक पलटण, इतके शिपाई, असे आकडे. २०२१ मध्ये युद्धस्मारकांच्या आयोगाने चौकशी करून या भेदभावाबद्दल माफी मागितली, शंभर वर्षांनी. अधिकाऱ्याला नाव, शिपायाला आकडा. आणि कूतच्या रहिवाशांना त्या दगडावर आकडाही नाही. अशी ही उतरंड. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकुमाने ते सगळे स्मारक उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन ठेवले. २००३ मध्ये त्याच रस्त्यांवरून पुन्हा एक परकी फौज बगदादकडे गेली. आपल्या मेलेल्यांची नावे तिने नीट ठेवली. मेलेल्या इराक्यांची मोजदाद वर्तमानपत्रांची कात्रणे जुळवत दुसऱ्यांना करावी लागली.

आपणही शिपायाला वापरतोच. आपल्याकडे निष्ठेचा पुरावा मागितला जातो तेव्हा आपण ब्रिगेडियर उस्मान आणि हवालदार अब्दुल हमीद यांची नावे पुढे करतो. मागणाऱ्याला शरम वाटावी, इतकी ती मोठी नावे आहेत. पण दाखला म्हणून पुढे केलेला माणूस हळूहळू कागद होतो. अब्दुल हमीद हा गाझीपूरच्या धामूपूर गावातल्या शिंप्याच्या घरातला मुलगा होता. १० सप्टेंबर १९६५ ला खेमकरणच्या उसाच्या शेतांत जीपवरची तोफ घेऊन तो रणगाड्यांना सामोरा गेला. त्या रणगाड्यांत बसलेली पोरेही कुणाच्या तरी घरची होती. असे म्हटल्याने अब्दुल हमीदच्या शौर्यातले काही उणे होत नाही. तो माणसांशी लढला, म्हणूनच ते शौर्य.

आणि आजचे? ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात जे मारले गेले, त्यांत थायलंडहून शेतमजुरीला आलेले कामगार होते. दुसऱ्याच्या शेतात मजुरी करणारी माणसे. असीफ याहून वेगळा कोण असतो? १ एप्रिल २०२४ ला गाझात इस्रायली हल्ल्यात अन्न वाटणारे सात कर्मचारी मारले गेले. तेही असीफच. गाझात त्यानंतर मेलेल्या हजारो बायामुलांसाठी आपण रडलो आणि ते रडणे खरे आहे. त्या थाई मजुरांसाठी आपल्या किती मशिदींत दुवा झाली? हा प्रश्न टोमणा म्हणून विचारत नाही. हदीस आपली आहे, म्हणून विचारतो.

सातारा जिल्ह्यात अपशिंगे गावी पहिल्या महायुद्धात मेलेल्या ४६ जणांचे स्मारक आहे. आपल्या मोहल्ल्यांत असे दगड क्वचितच. पण जुन्या पेटाऱ्यांत पेन्शनीचा मोडी कागद, पितळेचे पदक, सरकारी शिक्का असलेले उर्दू पत्र अजून निघू शकते. निघाले तर ते भंगारात जाऊ देऊ नये. त्यावरचे नाव, पलटणीचा क्रमांक, गाव उतरवून घ्यावे. तो शिपाई होता, की भिस्ती, की खेचरवाला, हेही लिहावे. घरातली मंडळी भिस्त्यालासुद्धा शिपाईच सांगतात, इज्जतीसाठी. पणजी किंवा पणजोबा काही सांगत असतील, की तिकडे एका अरब बाईने खजूर दिले, की एका तुर्काने पाणी पाजले, की आपल्याच माणसाने कुणाची भाकरी हिसकावली, तर तेही त्याच कागदावर खाली लिहून ठेवावे.